ऐंशीनंतरची अक्षरं

हॉस्पिटलात त्याला सगळे ऐंशी म्हणत. वयाचा काही संबंध नाही, वय अठ्ठावन्न. पण कुणी सिस्टर किंवा कारकून “स्क्रीनवर अजून एवढं एक दिसू द्या ना” म्हणत आला, की तो चष्मा कपाळावर चढवून एकच उत्तर द्यायचा, “ऐंशीत बसवा.” त्याच्या स्क्रीनवर एका ओळीत ऐंशी घरं होती. एका घरात एक अक्षर. एक्क्याऐंशीव्या अक्षराला जगात जागा नाही असा त्याचा ठाम समज होता, आणि तो त्याने तीस वर्षं लोकांच्या गळी उतरवला होता. तोंडावर लोक त्याला साहेब म्हणत, पाठ वळली की ऐंशी. त्याला ते माहीत होतं. थोडं आवडतही होतं, कारण दुसऱ्या कुठल्या लाडक्या नावाने हाक मारणारं माणूस आसपास उरलं नव्हतं.

त्याची खोली तळमजल्यावर, धुतलेल्या चादरींच्या कोठाराला लागून. खोलीला खिडकी नाही. दिवसभर खिडक्या करतो आणि माझ्याच खोलीला खिडकी नाही, हा विनोद तो स्वतःच सांगायचा आणि स्वतःच हसायचा, कारण ऐकणारा बहुतेक वेळा चादरी न्यायला आलेला असायचा आणि घाईत असायचा.

त्याच्या खिडक्या म्हणजे काळ्या पडद्यावर आखलेल्या चौकटी. चित्रं नाहीत, माउस नाही. मागे काळोख आणि पुढे फिकट हिरवी अक्षरं. प्रत्येक वॉर्डात सिस्टरच्या टेबलावर असा एक टर्मिनल होता आणि त्यावर वॉर्डाची यादी. एका रुग्णाला एक ओळ: खाट, नाव, आजार, जवळच्या माणसाचा फोन आणि शेवटी शेरा. लोक या पडद्याला हसत. पण वरच्या मजल्यावरचा नवा चकचकीत प्रोग्रॅम आठवड्यातून दोनदा मान टाकायचा, आणि ऐंशीची यादी मात्र नेमाने उजाडल्यासारखी समोर असायची. तेव्हा हसणारेच जिना उतरून खाली यायचे.

प्रोग्रॅम सी भाषेत लिहिलेला. चौकटी आखायला, अक्षरं मांडायला त्याच्या हाताशी एक तयार लायब्ररी होती. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. कुण्या शहाण्या माणसांनी आधीच लिहून ठेवलेली लहान लहान कामं, ज्याचं त्याला नाव. नावाने हाक मारली की काम येतं, सांगितलेलं मुकाट करतं आणि जातं. ऐंशीला माणसांपेक्षा ही मंडळी परवडायची. सुरुवातीची दोन वर्षं तेवढी झटापट झाली, तीही आपल्या भाषेपायी. वेलांट्या अक्षराला सोडून शेजारच्या घरात जाऊन बसायच्या, जोडाक्षरांची फारकत व्हायची. ‘शस्त्रक्रिया’ हा शब्द तर पडद्यावर अपघात होऊन पडल्यासारखा दिसायचा. ते सगळं त्याने एकहाती रांगेला लावलं. शाबासकी कुणी दिली नाही. अक्षरं नीट दिसतात यात काय विशेष, असंच कुणालाही वाटणार.

त्या कामांत एक असं होतं, की ते असलेल्या अक्षरांवर नवी अक्षरं लिहितं आणि खालचं पुसलं जातं. दुसरं एक होतं, जे सांगितलेल्या जागी शब्द मध्ये घालतं आणि तिथल्या अक्षरांना उजवीकडे सरकवतं. ऐंशीचा जीव या दुसऱ्यावर. “कुणाच्या डोक्यावर बसायचं नाही, जरा सरकून घ्या म्हणायचं,” असं तो सांगे. सरकता सरकता जी अक्षरं ऐंशीव्या घराच्या पलीकडे जातात, ती गेलीच. त्याबद्दल हे काम चकार शब्द काढत नाही, उलट ‘सगळं ठीक’ असा निरोप देतं. हेही त्याने तरुणपणी माहितीपुस्तकात वाचलं होतं. पण वाचलेलं सगळं वेळेवर आठवलं असतं तर जगात शहाण्यांचा सुळसुळाट झाला असता.

नऊ वर्षांपूर्वी सिस्टर लोकांनी मागणी केली, की ज्याचं उद्या ऑपरेशन आहे त्याच्या ओळीच्या तोंडाशीच ‘उपाशी’ असं ठळक दिसलं पाहिजे, नाहीतर कुणीतरी मायेने चहा पाजतं आणि सगळा घोळ होतो. ऐंशीने ते एका दुपारी करून दिलं. ‘उपाशी’ची तीन घरं आणि एक मोकळं, अशी चार घरं ओळीच्या सुरुवातीला घातली, बाकीची ओळ चार घरं सरकली. सिस्टर खूष झाल्या. नऊ वर्षांत एकही तक्रार आली नाही.

घर म्हणाल तर दोन खोल्या, तिसरा मजला. खुर्च्या दोन, पण दुसरीवर कायम इस्त्रीचे कपडे बसलेले. लग्न राहून गेलं. आधी मुली बघू म्हणता म्हणता, मग प्रोग्रॅम संपू दे म्हणता म्हणता. शेजारी चांगले होते, म्हणजे त्रास देत नसत. शनिवारी दुपारी दार लावलं की सोमवारी सकाळपर्यंत त्याच्या तोंडून एक शब्द निघत नसे आणि सोमवारी पहिलं “नमस्कार” म्हणताना घसा खरवडायचा. हे लक्षात आल्यावर तो रविवारी संध्याकाळी वर्तमानपत्र मोठ्याने वाचू लागला. बातम्या कुठल्याही चालत. गळ्याला चालू ठेवण्याशी मतलब.

असं असलं तरी तो काही आभाळातून पडलेला नव्हता. एक थोरला भाऊ होता, एक वहिनी होती, गाडीने पाच तासांवरच्या गावात. दादा छापखान्यात खिळे जुळवायचा. शिशाचं एकेक अक्षर चिमटीत धरून ओळी बांधायचा. म्हणजे दोघे भाऊ जन्मभर अक्षरंच मांडत आले, एक हाताने, एक हुकमाने. वहिनी घरात आली तेव्हा हा चौदा वर्षांचा होता, आणि आईचा हात फिरायचा राहिला तिथे तिचा फिरला. घरात पहिला कॉम्प्युटर आणला तेव्हा दादा लांबून बघून गेला. वहिनी मात्र पदराला हात पुसत मागे येऊन उभी राहिली. “भावजी, यात माझं नाव येईल?” त्याने भरलेल्या ओळीच्या मधोमध तिचं नाव घातलं. ती म्हणाली, “अगंबाई! मग मधले कुठे गेले?” “सरकले,” तो म्हणाला. “चांगले आहेत की,” ती म्हणाली. “गाडीत कुणी इतकं सरकत नाही.” त्याच्या कामाबद्दल इतका खरा प्रश्न त्यानंतर कुणी विचारला नाही.

अकरा वर्षांपूर्वी आई गेली. आई दादाकडे होती. गेली सकाळी सहाला, आणि याला फोन आला रात्री नऊला, तोही शेजाऱ्याचा. हा पोहोचला तेव्हा घरात फक्त धुतलेली फरशी होती. त्याने सगळ्यांसमोर दादाला नको नको ते सुनावलं. वहिनीने बाही ओढली, ती त्याने झटकली आणि परतीची गाडी धरली. त्यानंतर दादाशी अक्षर नाही. वहिनीचा फोन पहिली दोन वर्षं यायचा. तो शेजारी बसून घंटी वाजू द्यायचा. वाजायची थांबली की त्याला वाईट वाटायचं, आणि तरी पुढच्या वेळी तो पुन्हा तसाच बसायचा. मग फोन यायचे थांबले. बरं झालं, असं त्याने स्वतःला सांगितलं. दादाने मुद्दाम कळवलं नाही, आईला फक्त स्वतःची ठेवली, असा एक खटला त्याने मनात उभा केला होता. वकील तोच, न्यायाधीश तोच, आणि अकरा वर्षं निकाल एकच.

या वर्षी जुना काचेचा जड मॉनिटर एकट्याने उचलायला गेला आणि त्याला हर्निया झाला. ऑपरेशन आपल्याच हॉस्पिटलात करायचं ठरलं. भरतीच्या खिडकीवर ओळखीचे कारकून होते. त्यांच्यासमोर ऐंशीचाच प्रोग्रॅम.

“जवळचं माणूस?” कारकुनांनी विचारलं.

“कोणी नाही.”

“असं चालत नाही साहेब. रकाना रिकामा ठेवला की पुढे सरकतच नाही. तुम्हीच करून ठेवलंय.”

ते खरंच होतं. ऐंशीने दादाचा नंबर सांगितला. अकरा वर्षांत एकदाही न लावता तो त्याला पाठ होता. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सिस्टर यादीवरून नजर फिरवते आणि शेऱ्यात कुणाला कळवायचं असेल तर फोन करते, ही पद्धत त्याला ठाऊक होती.

“शेऱ्यात लिहा,” तो म्हणाला, “भावाला कळवायचं नाही.”

कारकुनांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं. पण सरकारी असो की खासगी, कारकुनाला दुसऱ्याच्या घरात किती डोकवायचं हे कळतं. त्यांनी लिहिलं. ऐंशी बोटांवर मोजत होता. शेऱ्याला ओळीतली शेवटची तेरा घरं. “शेवटी पूर्णविराम द्या.”

“पूर्णविराम कशाला?”

“वाक्य संपलं की देतात. बरोबर तेरा होतात.”

मोजून मापून, ओळ कडेला टेकवून, समाधानाने तो वॉर्डात गेला. आपल्याला ज्याने कळवलं नाही त्याला आपणही कळवलं नाही, हिशेब चोख. खाटेवर पडल्यावर त्याला वाटलं, आता इथेच काही झालं तर कळणार कुणाला? चादरींच्या कोठाराला. त्याला हसू आलं नाही.

ऑपरेशन झालं. गुंगीतून डोळे उघडले तेव्हा स्टुलावर कुणीतरी बसलेलं होतं आणि औषधाच्या खोक्यावरचा बारीक मजकूर डोळ्यांजवळ नेऊन वाचत होतं. असं डोळ्यांशी नेऊन अक्षरं तपासणारं माणूस त्याने जन्मात एकच पाहिलं होतं.

“दादा?”

“हं. पडून राहा. बोलू नकोस.”

केस सगळे पांढरे झाले होते. सदऱ्याचं एक बटण काळ्या दोऱ्याने लावलेलं, तेही वेडंवाकडं. ऐंशीच्या मनात आलं, वहिनीचे डोळे अधू झालेले दिसतात.

“तू कसा काय आलास?” संध्याकाळी त्याने विचारलं.

“काल हॉस्पिटलातून फोन आला. तुमच्या भावाचं ऑपरेशन आहे, तुम्हाला कळवायचंय, म्हणाल्या. रात्रीची गाडी मिळाली नाही, सकाळची धरली.” मग दादा खोक्याकडे बघत म्हणाला, “बरं केलंस बारक्या, बोलावलंस ते. मला वाटलं नव्हतं.”

बारक्या. या नावाने त्याला अकरा वर्षांत कुणी हाक मारली नव्हती. मी बोलावलं नाही, हे वाक्य ओठांपर्यंत आलं आणि त्याने ते गिळलं. सिस्टरने वाचण्यात चूक केली असेल, आपल्याला काय त्याचं, असं तो मनाशी म्हणाला. त्या रात्री शेजारी माणसाचा श्वास ऐकत त्याला झोप लागली. किती वर्षांनी ते त्याने मोजलं नाही, आणि मोजण्याची सवय असलेल्या माणसाला ही मोठीच सूट होती.

पुढचा सगळा वेळ दोघे कामापुरतंच बोलले. पाणी हवंय का. उशी वर घेऊ का. दादा उपाहारगृहातून पेज आणायचा, फुंकून द्यायचा. कुणी दारात आलं की ऐंशीची नजर तिकडे जायची. वहिनी आली नाही याचा त्याला आधी राग आला. मग वाटलं, तिने का यावं? दोन वर्षं घंटी वाजवली तिने. विचारावं असं दहादा मनात आलं आणि दहादा तो पाणी मागून मोकळा झाला.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्याला चालायला सांगितलं. तो भिंत धरत सिस्टरच्या टेबलापर्यंत गेला. टेबल म्हणजे पुरुषांच्या आणि बायकांच्या वॉर्डाच्या मधल्या बोळात. दोन्हीकडची यादी एकाच पडद्यावर. पाय तिकडे का वळले हे सांगायला नको. आपलं लेकरू कसं आहे ते बघायला कुणीही वळेल.

त्याची ओळ आता मोकळी होती, ऑपरेशन झाल्याने ‘उपाशी’ निघालं होतं. शेवटी शेरा: भावाला कळवायचं नाही. पूर्णविरामासकट तेरा घरं.

“सिस्टर, हे तुम्ही कसं वाचलंत त्या दिवशी?” त्याने हळूच विचारलं.

सिस्टर जुन्या होत्या, चूक झाली तर कबूल करणाऱ्यांतल्या. त्यांनी वाकून वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. “असं नव्हतं हो. ‘भावाला कळवायचं’ एवढंच होतं. मी दोनदा वाचलं. मला बरंही वाटलं, म्हटलं चला, यांचं कुणीतरी आहे.”

ऐंशीने पडद्याकडे पाहिलं. बायकांच्या वॉर्डात नऊ नंबरच्या ओळीच्या तोंडाशी ‘उपाशी’ होतं आणि शेवटी शेरा होता: सासरी कळवायचं. त्या ‘चं’नंतर एकही घर मोकळं नव्हतं. ओळ पडद्याच्या कडेला चिकटून उभी होती. इतर कुणाला त्यात काही दिसलं नसतं. त्याला दिसलं. चार घरं आत घातली की चार बाहेर पडतात, आणि आपल्या भाषेत नकार बसतो सगळ्यात शेवटी. आख्खं वाक्य होकारासारखं चालत येतं आणि शेवटच्या शब्दाला तोंड फिरवतं. तोच शब्द पडला तर?

सिस्टरना सांगायला तो तोंड उघडणार तेवढ्यात मागून दादा त्याच्या सपाता घेऊन आला. “अनवाणी काय हिंडतोस? फरशी गार आहे.” त्याने खाली बसून एकेक सपात भावाच्या पायात सरकवली.

ऐंशी गप्प बसला. हे लिहून ठेवलं पाहिजे, कारण त्याने स्वतःला याची कधी माफी दिली नाही. सकाळी अकरापासून दुपारी चारपर्यंत, पाच तास, त्याला माहीत होतं आणि तो गप्प बसला. बोललो तर दादाला कळेल. दादाला कळलं तर दादा जाईल. नऊ नंबरचा फोन आज कशाला होतोय, कदाचित तिने खरंच तेवढंच लिहिलं असेल, कदाचित सिस्टर विसरतील. माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की त्याच्यासारखा वकील नाही.

चार वाजता बोळातून सिस्टरचा आवाज आला. त्या दुसऱ्या सिस्टरना म्हणत होत्या, “नऊच्या सासरी फोन राहिलाय, लावून टाकते.” ऐंशीने कधी त्या नऊ नंबरला पाहिलंही नव्हतं. ती कोण, सासरी काय झालं, काही ठाऊक नाही. पण एखादी बाई ऑपरेशनला एकटी येऊन तेवढंच एक सांगते, म्हणजे तिला कारण असणार. तो ताडकन उठला. टाके ओढले गेले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तरी तो बोळात पोहोचला.

“सिस्टर, फोन ठेवा! ठेवा आधी!”

“अहो, पळताय काय असे?”

“नऊच्या शेऱ्यात पुढे अजून शब्द आहे. पडद्यावर दिसत नाही. आत मूळ नोंद उघडा.”

त्यांनी नोंद उघडली. सासरी कळवायचं नाही. सिस्टरनी रिसीव्हर तापलेला असावा तसा खाली ठेवला. “अगंबाई! म्हणजे त्या दिवशी तुमच्याही वेळी…” असं म्हणत त्या वळल्या, ऐंशीच्या मागे दादाला पाहिलं आणि तोंड मिटलं. पण उशीर झाला होता.

“चूक माझी आहे, तुमची नाही,” ऐंशी त्यांना म्हणाला. “‘उपाशी’ लिहिलेल्या प्रत्येकाची नोंद आजपासून आत उघडूनच वाचा. मी खाली, रजेत माझ्या जागी बसलेल्या मुलाला फोन करून ती सोय काढायला सांगतो.” त्याने लगेच, तिथूनच फोन केला. बोलताना त्याच्या डोक्यात एकच चाललं होतं: नऊ वर्षं. नऊ वर्षांत असे किती ‘नाही’ पडले असतील, आणि कुणाच्या दारात कोण येऊन उभं राहिलं असेल. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

दादा बोळातल्या बाकावर बसला होता. ऐंशी पोट धरून त्याच्या शेजारी टेकला.

“काय झालं ते मला नीट सांग,” दादा म्हणाला.

“पुढे शब्द घातला की ओळ सरकते. मागची अक्षरं कडेच्या बाहेर जातात.”

“बाहेर म्हणजे खालच्या ओळीत?”

“नाही. जातातच.”

“आमच्या छापखान्यात मावलं नाही तर खालच्या ओळीत घ्यायचो आम्ही,” दादा म्हणाला. “टाकून नव्हतो देत.” मग, “तुझ्या ओळीतला कुठला शब्द गेला?”

“नाही.”

“नाही काय? सांगायचं नाही?”

“‘नाही’ हाच शब्द, दादा. भावाला कळवायचं नाही, असं लिहिलं होतं मी.”

दादाने मान हलवली. जुळवलेल्या मजकुरात चूक दाखवल्यावर हलवावी तशी, वाद न घालता. समोरच्या भिंतीवर हात धुण्याच्या सूचना लावलेल्या होत्या. त्याने त्या पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या.

“आईच्या वेळी मला काही सुचलं नाही रे,” तो एकदम म्हणाला. “सकाळपासून फोनपाशी बसून होतो. नंबर समोर होता. हात उचलला नाही. लोक विचारायचे, बारक्याला कळवलं का, मी हो म्हणायचो. कारण काही नव्हतं त्याला. तू विचारलंस तेव्हाही सांगायला कारण नव्हतं, म्हणून गप्प बसलो.”

अकरा वर्षांचा खटला, आणि आरोपीने मुद्दाम काही केलंच नव्हतं. ऐंशीला वाटलं, दादाचा हात धरावा. त्यांच्या घरात तशी पद्धत नव्हती. दादा उठला. “पाचची गाडी मिळेल मला. आता चालतोयस तू, बरा आहेस.”

त्याला थांबवायला काहीतरी हवं होतं. तीन दिवस तोंडात अडकलेला प्रश्न ऐंशीने बाहेर काढला. “वहिनी कशी आहे? मला वाटलं, येईल.”

दादा पुन्हा बाकावर बसला. हळूहळू, गुडघ्यांवर हात ठेवून.

“ती गेली बारक्या. दोन वर्षं होतील आता.”

बोळातून औषधांची गाडी खडखडत गेली. ऐंशीला आधी काही ऐकूच आलं नाही, आणि मग त्याच्याच तोंडून अकरा वर्षांपूर्वीचा आवाज निघाला, तितकाच मोठा. “आणि मला कळवलं नाहीस?”

सिस्टरनी वर पाहिलं. दादाचा आवाज मात्र चढला नाही.

“तूच सांगून गेला होतास. पायरीवर उभा राहून. ‘यापुढे या घरातलं बरंवाईट काही मला कळवायचं नाही.’ मी ऐकलं, तिने ऐकलं. पुढे दोन वर्षं ती फोन करायची, माझ्या नकळत, असं तिला वाटायचं. तू उचलला नाहीस. मग मी म्हटलं, आता त्याचा शब्द पाळू.”

ऐंशीला ते वाक्य आठवत नव्हतं. पण ते आपलंच आहे हे त्याला कळलं, बांधणीवरून.

“काय झालं होतं तिला?” त्याने विचारलं. “सांग. पहिल्यापासून सांग.”

दादाने सांगितलं. उन्हाळ्यात खोकला झाला, साधा वाटला. डॉक्टर बदलले. वजन उतरलं, तरी घरात कामाला दुसऱ्या कुणाला हात लावू देईना. मग हॉस्पिटल, मग हॉस्पिटलने घरी न्यायला सांगितलं ते. घरी बारा दिवस. शिळ्या बातम्या वाचून दाखवाव्या तसं तो सांगत होता, एका सुरात, आणि ऐंशी प्रत्येक दिवसाशी थांबवून विचारत होता, तेव्हा कोण होतं जवळ, तेव्हा बोलत होती का. अकरा वर्षांत रविवारी मोठ्याने वाचलेली एकही बातमी त्याला आठवली नसती. ही त्याला जन्मभर आठवणार होती.

“शेवटच्या दिवशी शुद्ध होती,” दादा म्हणाला. “संध्याकाळी मला म्हणाली, ‘अहो, भावजींना कळवलंत का?’”

त्याने सदऱ्याचं काळ्या दोऱ्याचं बटण चाचपलं.

“मग?” ऐंशीने विचारलं.

“मी म्हटलं, कळवलंय. निघालाय.”

“मग काय म्हणाली?”

“म्हणाली, ‘मग कडी लावू नका.’ नाही लावली मी. ती गेल्यावरही चार-पाच दिवस लावली नाही.”